वाइसिमची फणी

मी एक जुनी लाकडी फणी आहे, मित्रांनो. तुमच्या घरातल्या कंगव्यांसारखी मी रंगीबेरंगी नाही, आणि आरशापुढे मिरवण्याचे माझे वयही उरलेले नाही. पण एकाच बाईच्या डोक्यावरून मी उभे आयुष्य फिरले. रोज सकाळी तिचे केस विंचरताना तिच्या मनात काय चालले आहे ते मला कळायचे, कारण काळजी असली की तिचा हात जड पडायचा. तिची गोष्ट सांगणारे दुसरे कोणी आता फारसे राहिलेले नाही, म्हणून मीच सांगते.

माझा जन्म दक्षिण चीनमधल्या तळ्यांच्या मुलखात झाला. तिथे माशांची तळी आणि तळ्यांच्या बांधांवर तुती, एवढेच दिसायचे. तुतीचा पाला किड्यांना, किड्यांचे रेशीम गिरणीला आणि किड्यांची घाण माशांना. आमच्याकडे काहीच फुकट जात नसे. मला घडवणारा कारागीर म्हातारा होता. सावकाश वाढणाऱ्या पिवळसर लाकडाचे तुकडे तो चुलीच्या धुरावर वर्षानुवर्षे सुकवायचा. मग बारीक करवतीने एकेक दाता कापायचा आणि खरखरीत गवताने घासत बसायचा. गिऱ्हाईक घाई करू लागले की म्हणायचा, "दात्याला धार राहिली तर बायका शिव्या तुला देणार नाहीत, मला देतील." त्याने मला इतके घासले की मी हाताला रेशमासारखी लागू लागले. त्याचा मला अजून अभिमान आहे.

त्याच्या दुकानातल्या बहुतेक फण्या नवऱ्या मुलींसाठी जात. आमच्याकडे कुमारिका एक लांब वेणी घालते. लग्नाच्या दिवशी एखादी भाग्यवान सवाष्ण ती वेणी सोडते, फणीने विंचरते आणि केसांचा अंबाडा बांधते. मला मात्र नवरीसाठी कोणी घेतले नाही. रेशमाच्या गिरणीत काम करणाऱ्या चार मुली हसत-खिदळत आल्या आणि त्यांनी मला वाइसिमसाठी घेतले. वाइसिम लग्न करणार नव्हती.

आमच्या भागात अशा मुली बऱ्याच होत्या. स्वतःच्या हाताने कमवायचे आणि मग कोणाच्या तरी घरी जाऊन सासूच्या पुढ्यात मान खाली घालून उभे राहायचे, हे त्यांना पटत नसे. अशी मुलगी क्वान-यिन देवीपुढे बसून लग्न न करण्याची शपथ घ्यायची आणि तिच्याआधी हीच शपथ घेतलेली एखादी वडील मैत्रीण तिचे केस बांधायची. त्या दिवसापासून तिच्या दारात स्थळ घेऊन कोणी यायचे नाही. तिला 'केस बांधलेली' म्हणत. गावात तिला मान होता. फक्त एक अट होती, आणि ती अट वाइसिमच्या आईने त्या सकाळी बोलून दाखवली.

"एकदा बांधलेस की सोडता येणार नाहीत, कळतंय ना?" आई दारात उभी राहून म्हणाली.

"कळतंय, आई."

"या घरात तुला जेवता येईल, झोपता येईल, आजारीसुद्धा पडता येईल. मरता येणार नाही. केस बांधलेली मुलगी माहेरच्या छपराखाली गेली तर घराचं वाटोळं होतं. भावाच्या संसाराला ते बाधतं. मग म्हातारपणी जाशील कुठे?"

"अगं, मी अजून नीट जगलेही नाही, आणि तू मला मरायला जागा शोधतेस," वाइसिम हसून म्हणाली. तिचा धाकटा भाऊ याउशिंग तिथेच उभा होता. त्याचे सारे लक्ष देवीपुढच्या मिठाईवर होते. मैत्रिणीने मला हातात घेतले आणि पहिल्यांदा त्या दाट, काळ्या केसांतून फिरवले. प्रत्येक फेऱ्याला ती एकेक आशीर्वाद देत होती: पोट भरलेले राहो, हात चालते राहोत, मैत्रिणी भांडल्या तरी सोडून न जावोत. मरणाविषयी त्यात काही नव्हते. अठराव्या वर्षी ते कोणाला सुचणार?

पुढे काही वर्षे बरी गेली. मग जगात कुठेतरी मंदी आली, रेशमाला कोणी विचारीना, आणि गिरण्यांची धुराडी थंड पडली. गावातल्या केस बांधलेल्या बायका एकेक करून जहाजात बसल्या आणि दक्षिणेकडच्या समुद्रापलीकडे सिंगापूरला गेल्या. वाइसिमही गेली. तिच्या बोचक्यात कपड्यांचे दोन जोड, देवीची लहान मूर्ती आणि मी, एवढेच होतो.

तिथे ती एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी मुले सांभाळायला राहिली. पांढरा सदरा, काळी विजार आणि मागे चापून बांधलेला अंबाडा. त्या शहरात असा वेश दिसला की लोक डोळे मिटून घर सोपवत. रोज पहाटे लाकडाच्या सालींचे चिकट पाणी लावून ती मला केसांतून फिरवायची. एक केस इकडचा तिकडे होत नसे. मालकीणबाईंनी एकदा मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि "अशी फणी आता कुठे मिळते?" असे विचारले. "मिळत नाही," वाइसिम म्हणाली आणि तिने मला खिशात टाकले. माझ्या कौतुकाचे ते दिवस होते.

महिन्यातून एकदा सुट्टी मिळाली की ती सुक्या मासळीच्या दुकानावरच्या एका खोलीत जायची. ती खोली केस बांधलेल्या काही बायकांनी मिळून भाड्याने घेतली होती. तिथे देवीचा कोनाडा होता, फळ्यांचे बिछाने होते आणि खालून येणारा मासळीचा वास होता. मालकाने जागा देतानाच बजावले होते की खोलीत बाळंतपण नको आणि मरण नको. बाळंतपणाचे ऐकून सगळ्या पोट धरून हसल्या होत्या. मरणाच्या अटीवर कोणी हसले नव्हते.

त्या खोलीत फुंगयी होती, वाइसिमची जिवाची मैत्रीण. ती एका वकिलाकडे स्वयंपाक करायची, आणि तिची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार होती. "सासू नको म्हणून आपण केस बांधले," ती म्हणायची, "आणि आता बघ, समुद्र ओलांडून येऊन मालकिणीच्या सासूचे पाय चेपतोय." वाइसिम दर महिन्याला भावाला पैसे पाठवायची. याउशिंग मोठा झाला होता, त्याला पक्के घर बांधायचे होते. घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, म्हणतात. वाइसिमने लग्नाचे पाहिले नाही, पण घराचे पुरते पाहिले. विटा, कौले, दारावरची नक्षी, सारे तिच्या कमाईतून उभे राहिले. फुंगयी चिडवायची, "ज्या घरात तू मरू शकत नाहीस, ते इतकं पक्कं कशाला बांधतेस गं?"

"मरायचं कोण म्हणतंय? राहायला बांधतेय," वाइसिम म्हणायची.

मग युद्ध आले. शहरात तांदूळ मिळेनासा झाला आणि लोक कंदमुळांवर दिवस काढू लागले. वाइसिम आणि फुंगयी आता त्या दुकानावरच्या खोलीतच राहत होत्या. खाली, दुकानामागे, एक तरुण बाई राहत होती. तिच्या नवऱ्याला सैनिक घेऊन गेले, तो परत आला नाही. तापाने फणफणलेली ती बाई एका सकाळी जिना चढून वर आली आणि तिने आपली तान्ही मुलगी वाइसिमच्या मांडीवर ठेवली. "हिला बघा," एवढेच म्हणाली. चार दिवसांत तीही गेली.

"आपल्याला मूल?" फुंगयी म्हणाली. "शपथ घेतलेल्या बायका आपण. लोक तोंडात बोटं घालतील."

"घालू देत. तोंडात घालायला दुसरं आहे काय सध्या?" वाइसिम म्हणाली. फुंगयीने आपल्या वाटणीचे कंद उकडून, मऊ करून त्या मुलीला भरवले. मुलीचे नाव सुकयिन ठेवले. ती वाइसिमला 'कै-मा' म्हणायला शिकली, म्हणजे मानलेली आई.

युद्ध संपल्यावर वाइसिम एकदाच गावी गेली. सुकयिनला तिने फुंगयीपाशी ठेवले होते. घर सुंदर झाले होते. माडीवर तिच्यासाठी एक खोली होती, खिडकीतून तळे दिसायचे. आई केव्हाच गेली होती. भावजय रोज ताजा मासा वाफवून वाढायची आणि भाचे "आत्या, आत्या" करत मागे फिरायचे. वाइसिमच्या मनात तिथेच राहून जायचे येऊ लागले होते. सुकयिनला बोलावून घेऊ, असेही तिने एकदा विंचरताना पुटपुटलेले मी ऐकले आहे.

आणि तिला ताप भरला. साधा वाटला होता, पण उतरेना. वैद्याने नाडी बघून मान हलवली. त्या दुपारी याउशिंग खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना, नुसता रडू लागला. शेवटी वाइसिमच म्हणाली, "रडतोस काय? सांग की."

"ताई, बांधावरच्या खोपटात गादी घातलीय. वारा चांगला येतो तिथं."

"किडे ठेवायच्या खोपटात?"

"झाडून घेतलंय सगळं." तो अंगणातल्या मुलांकडे बघत म्हणाला, "पोरं लहान आहेत गं, ताई."

"अरे, मग कशाला कष्टी होतोस? रीत मोडायला मी सांगितलं का तुला?" वाइसिम म्हणाली. फळीवर घालून तिला घराबाहेर नेले. तिच्या पैशाने बसवलेल्या उंबऱ्यावरून फळी जाताना तिने डोळे मिटून घेतले होते. मित्रांनो, यात कोणी दुष्ट नव्हते. भावजय दोन्ही वेळा पेज घेऊन बांधावर यायची, बाहेर बसून डोळे पुसायची. भाऊ रात्रभर खोपटाच्या दाराशी बसून असायचा. पण आत घर होते आणि बाहेर वाइसिम होती, हेही खरेच. मला फार वाईट वाटले. आजही वाटते.

ती बरी झाली. माडीवरची खोली तिची वाट पाहत होती, पण ती तिथे राहिली नाही. पहिल्या जहाजाने सिंगापूरला परतली. जहाजाच्या कठड्याशी बसून तिने इतका वेळ केस विंचरले की शेजारची बाई म्हणाली, "अहो, टक्कल पडेल." वाइसिम हसली नाही. आईने विचारलेला प्रश्न आता तिचा स्वतःचा झाला होता. आपण शेवटचे डोळे मिटायचे ते कोणाच्या छपराखाली?

त्या शहरात अशा माणसांसाठी एक गल्ली होती. भाड्याच्या खोलीत मरायला कोणाला परवानगी नसे, म्हणून मरायला टेकलेल्या माणसांना त्या गल्लीतल्या घरांत नेऊन ठेवत. वर बिछाने, खाली शवपेट्या, आणि रस्त्यावर दिवसभर झांजा नि सनया. फुंगयी अंथरुणाला खिळली तेव्हा तिलाही तिथेच नेले. वाइसिम रोज तिचे केस विंचरायला मला घेऊन जायची. फुंगयीची जीभ शेवटपर्यंत शाबूत होती. "सोय चांगली आहे," ती म्हणाली, "फक्त एक जिना उतरायचा." मग खालच्या झांजा ऐकून तिने वाइसिमचा हात धरला. "रोज वाजतात गं. रोज वाटतं, माझ्याच वाजतायत. तू इथे येऊ नकोस."

"मग कुठे जाऊ?" वाइसिमने विचारले. फुंगयीने मान फिरवली. तिच्या केसांतून शेवटचे फिरताना वाइसिमचा हात इतका जड पडला की माझा एक दाता मोडला.

सुकयिन मोठी झाली, शिवणकाम शिकली, आणि तिचे लग्न बस दुरुस्त करणाऱ्या शेकवाशी ठरले. लग्नाच्या सकाळी एका लेकुरवाळ्या सवाष्णीने नव्या लाल फणीने तिचे केस विंचरले. मी पेटीच्या तळाशी कपड्यांखाली होते. केस बांधलेल्या बाईची फणी नवरीच्या केसांना लागू नये, म्हणून वाइसिमनेच मला तिथे लपवले होते. ती स्वतःही पुढे गेली नाही. स्वयंपाकघरात बसून कोळंबी सोलत राहिली आणि "डोळ्यांत मिरची गेली" असे सगळ्यांना सांगत राहिली. कोळंबीत मिरची नव्हती.

वर्षे गेली. वाइसिमचे केस पांढरे आणि विरळ झाले. सरकारने ती मरणाची गल्ली बंद केली. मासळीच्या दुकानाची इमारतही पाडायची ठरली. खोलीतल्या बायका पांगल्या, कोणी मठात गेली, कोणी मालकाच्या मुलाकडे. त्यातच वाइसिमच्या छातीत दुखू लागले. तिला जिना चढवेना. सुकयिन टॅक्सी घेऊन आली, तिने देवीची मूर्ती, कपडे आणि मला पिशवीत घातले आणि वाइसिमला आपल्या घरी नेले.

ते घर उंच सरकारी इमारतीत होते. तिथे सुकयिनच्या सासूबाई होत्या, तामबाई. माशाची पेज विकून त्यांनी एकटीने मुलगा वाढवला होता. आवाज खणखणीत, कंबर मोडलेली, आणि मनात आलेले ओठांवर यायला वेळ लागायचा नाही. वाइसिमला कोचावर बसवले, तिला पाणी दिले, आणि मग तामबाई सुनेला म्हणाल्या, हळू आवाजात म्हणाल्या असे त्यांना वाटत होते:

"पाहुणी म्हणून हवं तितकं राहू दे. पण ही बाई बरी होणारी नाही, मला दिसतंय. परकं मरण घरात आलं की त्या घराचं भाग्य जातं. घरात लहान पोर आहे."

"परकी नाही ती, आई. माझी कै-मा आहे."

"कै-मा म्हणजे मानलेली. तिचं आडनाव वेगळं, देव्हारा वेगळा. तिच्या सख्ख्या भावानं ठेवलं नाही, आपण कोण?"

"तामबाईंचं बरोबर आहे गं, सुकयिन," कोचावरून वाइसिम म्हणाली. "रीत आहे ती."

तामबाई चिडल्या. "तुम्ही माझ्या बाजूनं बोलू नका हो. मग मला भांडताच येत नाही."

शेकवा मध्ये पडला. म्हणाला, "बरी होईपर्यंत राहू दे, आई." तामबाई म्हणाल्या, "बरी होईपर्यंत, हां." ती बरी होणार नाही हे चौघांनाही माहीत होते, पण त्या शब्दांवर सगळ्यांनी मान हलवली, आणि वाइसिमला नातवाच्या खोलीत खाट मिळाली.

खाट चांगली होती. पण वाइसिम तिच्यावर निवांत झोपली असे मी एकदाही पाहिले नाही. छातीत कळ आली की ती आधी उठून दाराकडे बघायची. आपण पोचू का, एवढे अंतर चालवेल का, याचा अंदाज घ्यायची. तिने आपले शेवटचे कपडे पूर्वीच शिवून ठेवले होते, आमच्याकडे बायका ते स्वतःच शिवतात. ते ती उशीखाली घेऊन झोपायची. नातू तिच्या अंगावर चढून खेळू लागला की ती त्याला हळूच बाजूला करायची. तिला वाटायचे, आपली सावली त्याच्यावर पडू नये.

एका पहाटे तिला जोराची कळ आली. तिने आवाज केला नाही. उशीखालचे कपडे काढून अंगावर चढवले, मला घेऊन अंबाडा बांधायचा प्रयत्न केला, पण हात वर जाईनात. मग तिने देवीची मूर्ती आणि मला पिशवीत टाकले, भिंत धरत धरत दाराशी आली, आणि कडी काढून बाहेर गेली. घराबाहेर लांबच लांब सज्जा होता, सगळ्या शेजाऱ्यांची दारे त्यावर उघडायची. तिथे कोणीतरी ठेवलेल्या लाकडी स्टुलावर ती बसली. मांडीवर पिशवी, पाय जुळवलेले. ती मरायची वाट बघत होती, मित्रांनो, आणि वाऱ्याने तिचे मोकळे केस तोंडावर येत होते.

थोड्या वेळाने तामबाई पेजेच्या तयारीसाठी उठल्या. दार उघडे पाहून बाहेर आल्या. त्यांनी ते नवे कोरे कपडे पाहिले आणि त्यांना सगळे समजले.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"आत जा तुम्ही," वाइसिम म्हणाली. "वेळ आलीय असं वाटतंय. इथं बाहेर झालं म्हणजे तुमच्या घराला दोष नाही. पोर लहान आहे. सुकयिनला उठवू नका, ती ओढून आत नेईल."

तामबाई वळल्या. आत गेल्या. मला वाटले, आता दार लागणार. पण त्या आतून दुसरे स्टूल घेऊन आल्या आणि वाइसिमच्या मागे टेकल्या. पिशवीत हात घालून त्यांनी मला काढले आणि त्या विरळ, पांढऱ्या केसांतून मला फिरवू लागल्या. पेज ढवळून ढवळून त्यांचा हात राकट झालेला होता. तरी केस ओढला गेला नाही.

"माझ्या नवऱ्याला मी त्या गल्लीत नेऊन ठेवलं होतं," विंचरता विंचरता त्या म्हणाल्या. "खोली भाड्याची होती. मालक म्हणाला, आजच्या आज हलव. शेकवा पाठीवर, आणि नवरा हातगाडीत. तो मला म्हणत होता, घरी ने. मी म्हणाले, बरा झालास की नेते."

वाइसिमने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"रीत रीत करते मी. करायलाच पाहिजे, नाहीतर त्याला तिकडे ठेवला ते कशासाठी?" तामबाई पुटपुटल्या. त्यांनी अंबाडा बांधला, काटा खोचला आणि मग त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पण ही जागा भाड्याची नाही. हप्ते भरून घेतलेली आहे, माझ्या नावावर आहे. इथं कोणी मरायचं ते मी ठरवणार. उठा."

"तामबाई, तुमच्या नातवाला..."

"त्याला आजीचं मरण बाधत नाही. कोणाच्याच नातवाला बाधत नाही. उठा, विहीणबाई. लोक जागे होतील. सज्ज्यात विहिणीला बसवलं म्हणून माझी अब्रू जाईल."

विहीणबाई. वाइसिमला त्या नावाने आजवर कोणी हाक मारली नव्हती, आणि ज्या दिवशी तिने केस बांधले त्या दिवसापासून तशी हाक ऐकू येण्याची शक्यताही नव्हती. ती रडली. तामबाईंचा हात धरून उठली, आणि त्या दोन म्हाताऱ्या एकमेकींना सावरत उंबरा ओलांडून आत गेल्या. शेवटचे कपडे तामबाईंनी स्वतः घडी घालून कपाटात ठेवले आणि तिला सुकयिनचा जुना फुलाफुलांचा झगा घातला. तो तिला मुळीच शोभत नव्हता.

त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. पण दाराकडे बघत झोपायची तिची सवय गेली. नातू अंगावर चढला तर चढू द्यायची. एका दुपारी स्वयंपाकघरात तामबाई सुनेला माशाचे खवले नीट न काढल्याबद्दल बोलत होत्या, रेडिओ लागला होता, आणि वाइसिम खाटेवर पडून ते सगळे ऐकत होती. ऐकता ऐकताच ती गेली. झांजा नव्हत्या. घराचे आवाज होते.

आता माझे सांगायचे राहिले. आमच्याकडे माणूस गेले की त्याच्याच फणीने त्याचे केस शेवटचे विंचरतात. मग ती फणी मोडतात. एक तुकडा पेटीत, मेलेल्या माणसाबरोबर. दुसरा मागे राहिलेल्या सर्वांत जवळच्या माणसाने दूर फेकायचा, म्हणजे नाते सुटले. सुकयिनने तिचे केस विंचरले. अंत्यविधी करणाऱ्या माणसाने मला हातात घेतले आणि तो मागे चापून बांधलेला अंबाडा बघून थबकला.

"केस बांधलेल्या होत्या का?" तो म्हणाला. "मग दोन्ही तुकडे पेटीतच ठेवतो. यांच्या मागे कोणी नसतं, तोडायला नातं नसतं."

"तिची मुलगी समोर उभी आहे," तामबाई म्हणाल्या. "डोळे तपासून घ्या."

तो माणूस ओशाळला. सुकयिनने हात पुढे केला. त्याने मला मधोमध मोडले. मित्रांनो, लाकडाला दुखत नाही असे समजू नका. पण त्या कडकन झालेल्या आवाजात माझ्या मनात एकच गोष्ट होती. जिचे कोणी नाही तिची फणी अशी मोडत नाहीत. वाइसिम कोणाची तरी होती, हे त्या दिवशी सगळ्यांदेखत ठरले.

माझा अर्धा भाग तिच्याबरोबर गेला. उरलेली मी सुकयिनच्या मुठीत होते. रीतीप्रमाणे तिने मला दूर फेकायला हवे होते. तिने फेकले नाही, घरी आणून खणात ठेवले. तामबाईंनी ते पाहिले आणि खण स्वतःच्या हाताने सारून बंद केला. म्हणून मी आज तुमच्याशी बोलू शकते आहे.

मित्रांनो, माझे दाते झिजले आहेत आणि मी आता कोणाच्याही केसांच्या उपयोगाची नाही. माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. पण तुमच्याही घरात कोणी असेल. तुम्हाला भरवणारी, तुमचे केस विंचरणारी, आडनाव वेगळे असणारी. ती बाई कधी दाराजवळची जागा धरून बसलेली दिसली, तर तिला कारण विचारत बसू नका. तिचा हात धरून आत न्या.